माळावरचे छोटे स्थानक: नॅरोगेज शाखामार्गाच्या मॉडेलसाठी इमारती आणि परिसर कसा उभारावा

रूळ बसवून झाले आणि इंजिन न अडखळता फेरी पूर्ण करू लागले, की नवख्या छंदिष्टासमोर उघड्या प्लायवूडचा प्रश्न उभा राहतो. हा लेख तिथून पुढच्या कामाविषयी आहे. रूळ, वीजजोडणी आणि गाड्या यांचे काम झालेले आहे असे येथे गृहीत धरले आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. शाखामार्गाचे रूप इमारतींच्या संख्येवर अवलंबून नसते. एक दगडी खोली, एक पाण्याची टाकी, एक पार असलेला कडुनिंब आणि बाकी सगळा मोकळा माळ एवढे नीट साधले, तर पाहणाऱ्याला आपण कोणत्या मुलखात आहोत हे सांगावे लागत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला नमुना शोधायला लांब जाण्याची गरज नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. बार्शीच्या बाजारपेठेतला कापूस आणि पंढरपूरचे वारकरी हे तिचे मोठे आधार होते. १९५४ मध्ये ती कंपनीकडून सरकारकडे आली आणि आता हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते आणि मॉडेलच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे. १:८७ या एचओ प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि बाजारात मिळणारा एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान प्रमाणातील मॉडेलांचा, रूळ ९ मिलिमीटरचा असतो. भारतीय ब्रॉडगेज याच प्रमाणात १९ मिलिमीटरच्या पुढे जातो, पण तयार मिळणारा एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे तिथे डोळ्यांना खटकणारी तफावत राहते. नॅरोगेजचा शाखामार्ग निवडला, तर ही अडचण उरत नाही.

मापे आणि काळ

एचओ प्रमाणात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, हे एकच सूत्र पाठ असले तरी पुरते. सात फुटांचा दरवाजा साडेचोवीस मिलिमीटरचा होतो, साडेपाच फुटांचा माणूस सुमारे एकोणीस मिलिमीटरचा आणि चाळीस फुटांचा कडुनिंब एकशे चाळीस मिलिमीटरचा. जुन्या दगडी इमारतीचे माप घ्यायचे असेल, तर परवानगी असलेल्या ठिकाणी उभे राहून भिंतीलगत एका फुटाची पट्टी धरावी आणि समोरून छायाचित्र काढावे. नंतर घरी त्या पट्टीच्या आधाराने बाकीची मापे काढता येतात. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी जाऊ नये. पुण्याला जाणे झाले, तर कोथरूडमधील जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे, कारण प्रमाणाची जाण केवळ वाचून येत नाही.

मापांइतकाच महत्त्वाचा निर्णय वर्षाचा आणि ऋतूचा आहे. १९५० च्या दशकातील वाफेची गाडी दाखवायची असेल, तर मोबाइलचा मनोरा, निळी प्लास्टिकची टाकी आणि सिमेंटचे विजेचे खांब आपोआप बाद होतात. ऋतूसाठी मी पौष सुचवीन. त्या दिवसांत सोलापूरच्या शिवारात कणसाला आलेली रब्बी ज्वारी उभी असते, शेजारी हरभऱ्याचा बुटका हिरवा तुकडा असतो, बांधावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि बाभळी मात्र हिरव्या असतात. एकाच फळीवर इतके वेगवेगळे रंग इथल्या दुसऱ्या कोणत्याही महिन्यात सहज बसत नाहीत.

आधी पुठ्ठ्याची खोटी इमारत

फेव्हिकॉलची बाटली उघडण्यापूर्वी प्रत्येक इमारतीचा जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून साधा ठोकळा करावा आणि तो नियोजित जागी ठेवून आठवडाभर गाडी चालवावी. सर्वांत लांब डबा वळणावरून जाताना त्याचा मधला भाग आत आणि टोके बाहेर येतात, त्यामुळे सरळ रुळाला पुरणारे अंतर वळणावर अपुरे पडते. फलाटाची कड, पाण्याच्या नळाचा दांडा आणि झाडाच्या खालच्या फांद्या यांची चाचणी याच वेळी करून घ्यावी. पुठ्ठ्याच्या ठोकळ्यांचा आणखी एक उपयोग असा, की बाराशे मिलिमीटर लांबीच्या फळीवर तीन इमारतीसुद्धा किती दाटी करतात हे तेव्हाच कळते. अशा वेळी एक ठोकळा उचलून बाजूला ठेवण्याचे धैर्य दाखवावे. इमारत रुळाला तंतोतंत समांतर न ठेवता किंचित तिरकी ठेवल्यास फळीच्या सरळ कडेकडे लक्ष जात नाही. स्थानकाची मुख्य इमारत मात्र रुळाला समांतरच असते, तेव्हा हा उपाय गावातील घरांपुरता वापरावा.

दगडी स्थानक

या भागातील जुनी बांधकामे काळ्या बेसाल्ट दगडाची आहेत आणि नवशिक्याने पहिली इमारत तीच करावी, कारण दगडी भिंतीत हाताचा थोडा असमानपणा शोभून दिसतो. साहित्य म्हणून ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड घ्यावा. फ्लेक्सचे फलक तयार करणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे मिळतात. पाच मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील जवळपास दीड फूट, आणि दगडी भिंत तेवढी जाड असतेच. त्यामुळे खिडक्यांच्या कोनाड्यांना आपोआप खरी खोली येते. पातळ पुठ्ठ्याच्या इमारतीत नेमकी हीच गोष्ट हरवते.

तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि बारा फूट उंच अशा इमारतीसाठी एकशे पाच, साडेबावन्न आणि बेचाळीस मिलिमीटर ही मापे धरावीत आणि उंचीत दोन मिलिमीटर अधिक ठेवावे. हे वाढीव दोन मिलिमीटर जमिनीत गाडायचे असतात. इमारत जमिनीवर नुसती ठेवली तर तळाशी सावलीची बारीक फट दिसते आणि सगळा परिणाम नाहीसा होतो. दारे-खिडक्या आधी कापाव्यात, मग दगडांचे सांधे उमटवावेत. त्यासाठी शाई संपलेला बॉलपेन घ्यावा आणि पृष्ठभाग न कापता केवळ दाबत रेषा ओढाव्यात. एका थराची उंची तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. खालच्या थराचा उभा सांधा वरच्या थराच्या दगडाच्या मध्यावर यायला हवा. कोपऱ्यांवर मोठे, चौकोनी घडीव दगड दाखवावेत आणि सांध्याच्या रेषा कोपऱ्यावरून दुसऱ्या भिंतीवर वळवून न्याव्यात, कारण गवंडी तसेच बांधतो. भिंतींच्या कडा पंचेचाळीस अंशांत कापून जोडाव्यात. सनबोर्ड प्लास्टिकचा असल्याने पांढरा फेव्हिकॉल त्यावर टिकत नाही, म्हणून भिंती एकमेकींना जोडताना फेव्हिक्विकचे थेंब वापरावेत आणि आतून कोपऱ्यांना लाकडी पट्ट्यांचा आधार द्यावा.

रंग लावण्यापूर्वी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून प्रायमर लावावा. बेसाल्टला आपण काळा दगड म्हणत असलो, तरी मॉडेलवर निव्वळ काळा रंग फार गडद दिसतो. काळ्यात पांढरा आणि किंचित तपकिरी मिसळून गडद राखाडी करावा, तो सर्वत्र द्यावा आणि वाळल्यावर सात-आठ दगडांमागे एखादा दगड थोडा निळसर, एखादा थोडा तांबूस करावा. त्यानंतर चुन्याचे सांधे भरायचे. रंग पूर्ण वाळला की घरांच्या भिंतींना लावतात ती पांढरी वॉल पुट्टी पाण्यात दह्याइतकी पातळ करावी, बोटाने भिंतीवर फासावी आणि दोन मिनिटांत ओलसर, चांगल्या पिळलेल्या सुती कापडाने सांध्यांना तिरप्या दिशेने पुसून घ्यावी. दगडांवरची पुट्टी निघून जाते, खाचांमधली राहते आणि राखाडी पाट्यावर चुन्याच्या रेषांचे जाळे उमटते. कापड सांध्यांच्याच दिशेने फिरवले तर खाचांतली पुट्टीही निघून येते. पांढरेपणा जास्त वाटल्यास वाळल्यावर चहाच्या रंगाचा अगदी पातळ हात द्यावा.

पत्र्याचे छप्पर

नालीदार पत्रा हा या इमारतीचा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत समाधान देणारा भाग आहे. खऱ्या पत्र्यावरील दोन नाल्यांमधील अंतर तीन इंच असते, म्हणजे आपल्या प्रमाणात सुमारे ०.९ मिलिमीटर. पाच मिलिमीटर जाडीच्या, पूर्ण आटे पाडलेल्या रॉडवर दोन आट्यांमधील अंतर ०.८ मिलिमीटर असते, आणि हा रॉड हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. हॉटेलातून पार्सलसाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ कापून घ्यावा. स्वयंपाकघरातील फॉइल यासाठी फार पातळ पडते. हा तुकडा जाड रबराच्या तुकड्यावर ठेवावा आणि त्यावरून रॉड दोन्ही तळव्यांनी दाबून एकाच दिशेने, एकदाच लाटावा. मागे-पुढे फिरवल्यास दुसऱ्या फेरीच्या नाल्या पहिल्या फेरीच्या नाल्यांवर बसत नाहीत. आटे सर्पिल असल्याने नाल्या तीनेक अंशांनी तिरप्या उमटतात, म्हणून तुकडे कापताना गुण्या, म्हणजे काटकोन आखण्याची पट्टी, तुकड्याच्या कडेला न लावता नालीला लावावा.

असे अठ्ठावीस मिलिमीटर लांब आणि नऊ मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रत्यक्षातील आठ फूट बाय अडीच फुटांचे तुकडे कापावेत. अखंड छप्पर एका पत्र्यात करण्याचा मोह टाळावा, कारण पत्र्याच्या छपराचे रूप एकावर एक चढवलेल्या कडांमध्येच असते. खालच्या ओळीपासून सुरुवात करून शेजारचा पत्रा एका नालीने आणि वरची ओळ दोन मिलिमीटरने चढवत जावे. ॲल्युमिनियमवर रंग सहज धरत नाही, तेव्हा आधी प्रायमर द्यावा, मग फिकट राखाडी. गंज दाखवायचा तो सांध्यांजवळ आणि खिळ्यांच्या ओळीखाली, आणि वरून खाली ओढलेल्या बारीक रेषांनी. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा कोकणातल्यासारखा गंजून चाळण होत नाही. तो उन्हाने निस्तेज होतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून गंज बेताने दाखवून शेवटी मातकट रंगाचा सुका ब्रश फिरवावा.

मंगलोरी कौलांचे छप्पर हवे असल्यास पहिल्या इमारतीवर तो प्रयोग करू नये, कारण प्रत्येक कौलाची ओळ वेगळी कापावी लागते.

माळवदाचे घर

पार्श्वभूमीला गावाचे एखादे घर दाखवायचे असेल, तर ते माळवदाचे असावे. सोलापूर आणि शेजारच्या धाराशिवच्या खेड्यांत ही सपाट मातीची छते आजही दिसतात. साध्या पुठ्ठ्याचा ठोकळा करून त्यावर चाळलेली पांढरी माती फेव्हिकॉलमध्ये कालवून जाडसर लावावी, मात्र पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही पातळ फेव्हिकॉल फिरवावा. एकाच बाजूला ओल लागली की पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. भिंतीतून बाहेर डोकावणारी तुळयांची टोके, पावसाचे पाणी काढून देणारी पन्हळी आणि कडेला टेकलेली शिडी एवढा तपशील पुरे होतो.

जमीन

सोलापूरकडचा माळ सपाट वाटतो, पण तो कधीच फळीसारखा सपाट नसतो. थर्मोकोलचे तुकडे पाच-दहा मिलिमीटरच्या उंचसखलपणात चिकटवावेत, त्यावर कागदाच्या पट्ट्यांचे दोन थर आणि मग प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर द्यावा. थर्मोकोलवर स्प्रेचा रंग किंवा द्रावक असलेले कोणतेही चिकटवण वापरू नये, कारण ते थर्मोकोल विरघळवते. प्लास्टरच्या पाण्यातच तपकिरी रंग मिसळून ठेवावा, म्हणजे पुढे टवका उडाला तरी पांढरा डाग दिसत नाही. रुळांचा भराव शेजारच्या शेतापेक्षा चार-पाच मिलिमीटर उंच आणि मुरमाचा दाखवावा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेला रूळ सरळ राहत नाही. भरावाखाली एखादी दगडी मोरी दिली, तर शेतातले पाणी कुठून वाहते याचेही उत्तर मिळते.

याच कारणाने मॉडेलवरही खरी काळी माती वापरू नये. पातळ फेव्हिकॉलने ती भिजते, वाळताना आकसते आणि आपल्या हिशेबाबाहेरच्या भेगा पाडते. त्याऐवजी चाळलेला मुरूम किंवा बारीक वाळू पसरून ती गडद तपकिरी-काळ्या रंगाने रंगवावी. बाहेरून आणलेली कोणतीही माती आधी जुन्या तव्यावर चांगली तापवून घ्यावी, म्हणजे तिच्यातील किडे आणि बिया नाहीशा होतात.

रुळांमधील खडीसाठी खडी क्रशरवरची बारीक कच चहाच्या गाळणीने गाळून घ्यावी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे कण योग्य दिसतात. येथे एक दक्षता महत्त्वाची आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोहचुंबकीय खनिज असते आणि सुटे कण इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटून आत जातात. म्हणून कच कागदावर पातळ पसरून तिच्यावरून जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवावा आणि त्याला चिकटणारे कण टाकून द्यावेत. खडी कोरडीच पसरून मऊ ब्रशने स्लीपरच्या पातळीपर्यंत आणावी, भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याची फवारणी करावी आणि मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे. साबणाशिवाय पाण्याचा थेंब खडीवर गोळा होऊन राहतो आणि खड्डा पाडतो. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळांच्या सांध्याच्या हलत्या पट्ट्यांजवळ मिश्रण अजिबात जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात हे काम संध्याकाळी करावे, नाही तर खालपर्यंत मुरण्याआधीच वरचा थर वाळून त्याची साय होते. शाखामार्गावर खडी भरगच्च नसते. तिच्यात मुरूम मिसळलेला असतो आणि बाजूच्या फाट्यावर तर गवतच जास्त असते, हे ध्यानात ठेवावे.

पिके आणि झाडे

या टप्प्यावर सोलापूरचा माणूस इतरांपेक्षा सुदैवी आहे, कारण गवत आणि पिकांचे उत्तम साहित्य इथल्या यंत्रमागांवरच तयार होते. जुना सोलापुरी टॉवेल, ज्याचे फासे अजून उभे आहेत, तो हरभऱ्याच्या शेतासाठी वापरावा. तुकडा फेव्हिकॉलने पक्का चिकटवावा, फाशांची टोके कात्रीने असमान कापावीत आणि हिरव्या रंगाच्या दोन छटा ठिपक्यांनी द्याव्यात. हरभरा फूट-सव्वा फुटाचा असतो, म्हणजे आपल्या प्रमाणात चार मिलिमीटर, आणि फाशांची उंची जवळपास तेवढीच असते. कापडाच्या कडा मुरमाने झाकाव्यात. सुताच्या वाया गेलेल्या गुंत्याचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे कडब्याच्या रंगात बुडवून वाळवले की बांधावरचे वाळके गवत तयार होते.

ज्वारीला अधिक चिकाटी लागते. ती सहा-सात फुटांची असते, तेव्हा सुतळीचे धागे पिंजून बावीस मिलिमीटरचे तुकडे करावेत. दोन ओळींतील अंतर दीड फूट, म्हणजे पाच मिलिमीटर ठेवावे. प्रत्येक धाटाचे टोक फेव्हिकॉलमध्ये आणि नंतर लाकडाच्या भुशात बुडवून कणीस करावे. रवा किंवा कोणतेही धान्य वापरू नये, मुंग्या आणि पोरकिडे येतात. समोरून दिसणाऱ्या चार-पाच ओळीच अशा धाटाधाटाने लावाव्यात आणि मागे तेवढ्याच उंचीचा रंगवलेला काथ्या दाटीने भरावा.

झाडांसाठी विजेच्या वायरीतील तांब्याचे पंचवीस-तीस तंतू एकत्र पिळून खोड करावे आणि वर जाताना दोन-दोन, तीन-तीन तंतू फोडून फांद्या काढाव्यात. खोडाला फेव्हिकॉल आणि भुशाचा लेप द्यावा. पानांसाठी जुना स्पंज पाण्यासह बारीक करून हिरव्या रंगात भिजवावा. मिक्सरचे भांडे यासाठी वेगळे ठेवावे आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. कडुनिंबाचा पसारा गोलाकार आणि दाट असतो. बाभूळ सत्तर-ऐंशी मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, तिचा माथा छत्रीसारखा चपटा असावा आणि पाने इतकी विरळ असावीत की पलीकडचे आकाश दिसावे. दुकानातील तयार झाडे बहुधा थंड मुलखातली असतात आणि ती लावली की माळ एका क्षणात परका होतो.

बारीकसारीक तपशील

स्थानकाच्या नावाचा पिवळा फलक, काळी अक्षरे आणि तीन लिप्या ही सर्वांच्या ओळखीची गोष्ट आहे. संगणकावर अक्षरे मोठी जुळवून अठ्ठावीस बाय चौदा मिलिमीटरमध्ये छापावीत आणि फलकाचे खांब उरलेल्या रुळाच्या तुकड्यांचे करावेत. पाण्याच्या टाकीखालचा दगडी चौथरा स्थानकाच्याच पद्धतीने करावा आणि त्याच्या पायथ्याशी जमीन थोडी गडद व हिरवी ठेवावी, कारण गळके पाणी तिथे बारमाही असते.

एचओ प्रमाणातील तयार माणसे बहुतेक युरोपीय पोशाखात येतात. टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून धोतर आणि नऊवारीचा घोळ करावा, पुट्टीच्या बारीक वळीचा फेटा गुंडाळावा. पंढरपूरच्या दिशेचा मार्ग असेल, तर खांद्यावर भगवी पताका घेतलेले दोन-तीन वारकरी फलाटावर शोभतात, आणि मालधक्क्याशी कापसाच्या गाठी लादलेली एखादी बैलगाडी. तिचे चाक पाच फुटांचे, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचे असावे. माणसे धावताना किंवा हात उंचावलेली घेऊ नयेत. बसलेली, टेकलेली, वाट पाहत उभी असलेली घ्यावीत, कारण गोठलेली धाव दुसऱ्यांदा पाहताना खोटी वाटते.

तपशील लावून झाला की रुळांच्या बाजू गंजाच्या रंगाने रंगवाव्यात आणि रंग ओला असतानाच माथा पुसून घ्यावा, अन्यथा वीज चाकांपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडची धूळ बारीक आणि चिवट आहे. फळी वापरात नसताना चौकटीवर ताणलेल्या पातळ चादरीने झाकावी, चादर पिकांवर टेकू देऊ नये. आठवड्यातून एकदा रुळांचा माथा कोरड्या सुती कापडाने पुसावा आणि झाडांवरची धूळ मऊ ब्रशने वरून खाली झाडावी. गच्चीखालच्या खोलीत फळी ठेवली असेल, तर रुळांच्या जोडांत दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरची फट आहे ना, हे चैत्र लागण्यापूर्वी तपासून घ्यावे.